सारांशातला आकडा बदलला म्हणून तक्ता बदलू नये
ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अहवालांच्या एआय-संपादनाविषयी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

प्रत माहितीसाठी: राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती, सर्व जिल्हाधिकारी, ईआयए अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्था

विषय: जनसुनावणीसाठी येणारे अहवाल आणि त्यांचे मराठी सारांश एआयच्या मदतीने संपादित होत असताना घ्यायची काळजी

महोदय,

प्रकल्पधारक जनसुनावणीसाठी आपल्याकडे अर्ज करतो तेव्हा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेनुसार मसुदा ईआयए अहवालाच्या किमान दहा छापील प्रती आणि तेवढ्याच सॉफ्ट कॉपी देतो, आणि त्यासोबत इंग्रजी व मराठी सारांश. अहवाल शेकडो पानांचा असतो, सारांश जास्तीत जास्त दहा ए-फोर पानांचा. (नियमाने पाने मोजली, अक्षराचा आकार मोजला नाही. भिंग लावून वाचावे लागणारे दहा पानी सारांशही त्यामुळे नियमात बसतात. असो.) पूर्ण अहवाल मराठीत देण्याचे बंधन नाही. ग्रामपंचायतीत जाऊन फाइल मागणाऱ्या माणसापुरती ती दहा मराठी पाने हाच अहवाल.

ही पाने आता एआय साधनांच्या मदतीने लिहिली, दुरुस्त केली आणि मराठीत आणली जाऊ लागली आहेत. आमची त्याला हरकत नाही. आम्ही असे अहवाल संपादित करणारे, तपासणारे आणि मराठीत उतरवणारे लोक आहोत आणि ही साधने आम्हीही वापरतो. पण त्यांचा एक उपयोग असा आहे, की मंडळाने तो वेळीच बांधून घेतला नाही तर सुनावणीपुढचा कागद आणि त्यामागचा पुरावा यांच्यातला धागा तुटेल, आणि तुटलेला कुणाला दिसणारही नाही.

आधी थर पाहू. सर्वांत खाली प्रयोगशाळेची पत्रके, सर्वेक्षणाचे फॉर्म, सातबारा, पाणीवापराच्या परवानग्या. त्यावर अधिसूचनेच्या परिशिष्ट ३ मधल्या ढाच्याप्रमाणे बारा प्रकरणे. त्यातले अकरावे प्रकरण स्वतःच सारांश आणि निष्कर्ष. त्यावर दहा पानी इंग्रजी सारांश. त्यावर त्याचा मराठी अनुवाद. आणि सर्वांत वर, सुनावणीच्या सुरुवातीला प्रकल्पधारकाचा प्रतिनिधी पडद्यावर दाखवतो ते सादरीकरण. अकरावे प्रकरण वेगळे धरले तर सहा थर झाले. साधारणपणे प्रत्येक थर त्याच्या लगेच खालच्या थरावरून लिहिला जातो, तळाच्या कागदावरून नव्हे.

एआय साधने या थरांत दोन्ही दिशांनी काम करतात. खालून वर जाताना लांबलचक मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येकाचा सारांश करायचा, मग त्या सारांशांचा सारांश. हे जुनेच काम झपाट्याने होते, इतकेच. वरून खाली येणे मात्र नवे आहे: सारांशातले एक वाक्य बदलायचे आणि त्याच्याशी जुळेल असा खालचा सगळा मजकूर साधनाने स्वतःहून बदलून द्यायचा. प्रशिक्षण पुस्तिका, कंपनीचे धोरण, अभ्यासक्रमाचा आराखडा अशा कागदांत ही मोठी सोय आहे, कारण तिथे वरचा थर म्हणजे इरादा आणि खालचा त्याचा विस्तार. ईआयए अहवालात नाते उलटे असते. तिथे खालचा थर पुरावा आहे.

हिशेबानेच दाखवतो. आकडे कल्पित आहेत, चूक नेहमीची आहे. समजा एका कारखान्याला दिवसाला एकूण ४५० घनमीटर पाणी लागते. दुसऱ्या प्रकरणातल्या पाण्याच्या ताळेबंदात त्यातले २८० घनमीटर ताजे आणि १७० घनमीटर प्रक्रिया करून पुन्हा वापरलेले. दहाव्या प्रकरणात, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात, सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता १८० घनमीटर. सगळे जुळते. मग कुणाच्या तरी लक्षात येते, की पाण्याची परवानगी २४० घनमीटरचीच आहे. सारांशात २८० खोडून २४० केले जातात. साधन इमानदारीने खाली उतरते आणि ताळेबंदात ताजे पाणी २४० करते. बेरीज ४५० राहायला हवी, म्हणून पुनर्वापर १७० चा २१० करते. मजकुरातली वाक्ये दुरुस्त करते, टक्केवारीही नव्याने काढते. बेरीज चोख. फक्त १८० घनमीटरच्या केंद्रातून रोज २१० घनमीटर पाणी प्रक्रिया होऊन बाहेर पडणार आहे, आणि तेवढे सांडपाणी मुळात तयार कुठून होणार याचा कुठेच पत्ता नाही.

ही चूक माणसाच्या हातूनही होते. पण माणूस बहुधा एकाच जागी आकडा बदलतो आणि उरलेल्या चार जागा विसरतो. मग समितीतला जाणकार सदस्य पान उलटून म्हणतो, "इथे २८०, तिथे २४०, खरे कोणते?" विसंगती ही तपासणाऱ्याच्या हातातली काठी असते. वरून खाली संपादन करणारे साधन नेमकी तीच काढून घेते. चूक तशीच राहते, तिचा माग पुसला जातो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा आढळल्याचे प्रकरण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ते पकडले गेले, कारण कोकणात स्प्रूस आणि भूर्जाची जंगले उगवली होती. आजचे साधन त्या जागी ऐन, किंजळ आणि आंबा-काजू लिहील, पक्ष्यांची नावे बदलेल, पावसाचे मिलिमीटरही कोकणात शोभतील असे घालील. असा अहवाल वाचून कुणाला हसू येणार नाही.

म्हणून आमचे मुख्य मागणे हे: बदल कोणत्या दिशेने जाऊ शकतो ते वाक्याच्या जातीवरून ठरावे. ईआयए अहवालात तीन जातींची वाक्ये असतात.

पहिली मोजलेली. अमुक विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड इतके, अमुक गावाजवळ हवेतले धूलिकण इतके, अमुक गटात इतकी झाडे. वरच्या कोणत्याही थरातून या वाक्याला हात लागता कामा नये. ते बदलायचे असेल तर प्रयोगशाळेचे पत्रक बदलले पाहिजे, आणि पत्रक का बदलले याची नोंद हवी.

दुसरी अंदाजलेली. धुराड्यातून निघणाऱ्या वायूंनी गावातली पातळी इतकी वाढेल, उपशाने भूजल इतके खाली जाईल. हे आकडे गणिती प्रारूप (मॉडेल) चालवून येतात, तेव्हा बदलायचे तर प्रारूप पुन्हा चालवावे लागेल. धुराड्याची उंची ३० मीटरवरून ४५ केली, तर एआयने "परिणाम आणखी कमी होईल" असे वाक्य रचून देणे म्हणजे प्रारूप चालवणे नव्हे. वाक्य बरोबर ठरेलही कदाचित. त्यामागे गणित नसेल.

तिसरी कबूल केलेली. इतका हरितपट्टा, इतका खर्च, ट्रकवर ताडपत्री, रात्री दहानंतर वाहतूक बंद. इथे मात्र वरून खाली जाणारे संपादन योग्यच आहे, किंबहुना गरजेचे आहे. त्याकडे शेवटी येतो.

साधनात हे बसवणे अवघड नाही. अहवालाच्या मूळ मसुद्यात प्रत्येक परिच्छेदाला म, अं किंवा क अशी खूण द्यायची. सारांशातल्या बदलाचा धागा म किंवा अं खुणेच्या परिच्छेदाला भिडला, तर साधनाने तिथे थांबून सूचना लिहायची, मजकूर बदलायचा नाही. ती सूचना त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे जाते: हवेची असेल तर हवेच्या, पाण्याची असेल तर पाण्याच्या. अहवालावर विषयवार तज्ज्ञांची नावे आणि सह्या असतातच, तेव्हा नवी माणसे नेमायची गरज नाही. खुणा घालायला शेकडो पानांच्या अहवालाला दोन-तीन दिवस लागतील. त्यात एक गोची आहे, तीही सांगून ठेवतो: एकाच परिच्छेदात मोजलेले आणि अंदाजलेले मिसळलेले असते. "सध्याची पातळी अमुक असून प्रकल्पानंतर ती तमुक होईल" असले वाक्य आधी तोडावे लागते. तेवढ्याने अहवालही वाचनीय होतो, हा फुकटचा लाभ.

आता खालून वर जाताना काय गळते ते पाहू. इथे नुकसान गुपचूप होते आणि बहुतेक वेळा कुणाचा वाईट हेतूही नसतो.

हवेचे उदाहरण घ्या. मान्सून सोडून एका हंगामात, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे असे प्रत्येक केंद्रावर २४ नमुने घेतले जातात. समजा गावालगतच्या केंद्रावर पीएम १० ची (हवेतल्या बारीक धूलिकणांची) सरासरी ७१ मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर, ९८ वा शतमानक (शंभरातली ९८ मोजमापे ज्याच्या आत येतात तो आकडा) ९६, सर्वोच्च ९७. चोवीस तासांची मर्यादा १००. प्रारूपाप्रमाणे प्रकल्पाची भर ५.२. अहवालातल्या तक्त्यात हे सगळे आकडे आहेत. सारांश करणारे साधन "एका केंद्राला एक आकडा" ठेवते आणि बहुधा सरासरी उचलते. मग ७१ अधिक ५.२, म्हणजे ७६.२, मर्यादेच्या आत. शतमानक उचलला असता तर १०१.२, मर्यादेबाहेर. खोटा आकडा एकही नाही. कोणता ठेवला एवढ्यावर सुनावणीतला निम्मा वाद मिटतो किंवा पेटतो. म्हणून सारांशात कोणते संख्यामान ठेवायचे हे साधनावर सोडू नये. मंडळाने एका ओळीत सांगावे: चोवीस तासांच्या मर्यादेशी तुलना असेल तिथे ९८ वा शतमानक आणि सर्वोच्च मूल्य, दोन्ही.

दुसरी गळती अटींची. "मार्च ते मे वगळता ओढ्याला पाणी असते" याचे "ओढ्याला पाणी असते" होते. "पुनर्वापर शक्य झाल्यास विसर्ग शून्य राहील" याचे "विसर्ग शून्य राहील" होते. सारांशाची हाव लहान वाक्याची असते आणि वाक्य लहान करताना सर्वांत आधी 'जर', 'वगळता', 'पर्यंत', 'अपेक्षित' हे शब्द जातात. तपासणीची एक साधी युक्ती आहे: मूळ प्रकरणात असे अटवाचक शब्द शोधायचे, त्यातली जी वाक्ये सारांशात आली त्यांच्या समोर सारांशातले वाक्य ठेवायचे आणि अट टिकली का ते पाहायचे. हे काम एआयलाच द्यावे, ते छान करते. निर्णय तेवढा माणसाने करावा.

तिसरी गळती साखळीची. समजा प्रत्येक थरावर शंभरातली पंचाण्णव विधाने शाबूत राहतात. ऐकायला बरे वाटते. पाच पायऱ्या चढल्यावर शंभरातली सुमारे ७७ उरतात. यावर उपाय म्हणजे मराठी सारांश इंग्रजी सारांशावरून करू नये, अकराव्या प्रकरणावरूनही नाही. प्रत्येक वरचा थर थेट प्रकरणांवरून आणि तक्त्यांवरून करावा आणि मग शेजारच्या थरांशी ताडून पाहावा. एका बैठकीत शेकडो पाने साधनाला झेपत नसतील तर प्रकरणवार करावे, पण दुसऱ्या प्रकरणातला प्रकल्प-वर्णनाचा तक्ता दर वेळी सोबत द्यावा. नाहीतर चौथे प्रकरण वाचणाऱ्या साधनाला कारखाना कितीचा आहे हेच ठाऊक नसते.

एककांचे घोळ तर रोजचे आहेत. इंग्रजीतले १.२५ मिलियन टन मराठीत १२.५ लाख टन होतात. घाईत ते १.२५ लाख होतात आणि खाण दहापट लहान होते. एक एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन) म्हणजे एक हजार घनमीटर प्रतिदिन, हे एका प्रकरणात एमएलडी आणि दुसऱ्यात केएलडी (हजार लिटर प्रतिदिन) असले की कुणी तपासत नाही. टन प्रतिदिन, टन प्रतिमहिना आणि टन प्रतिवर्ष यांची सरमिसळ सारांशात इतक्या वेळा होते, की आम्ही ती आधी शोधतो, मग चहा घेतो.

आणि जे साधनाला नीट वाचता येत नाही त्याचे काय? ग्रामपंचायतीचा ठराव, सातबारा, जुनी परवानगी ही परिशिष्टे स्कॅन केलेली चित्रे असतात. साधन अनेकदा त्यांवरून उडी मारून पुढे जाते आणि तसे सांगतही नाही. मराठीत आणखी एक खोड आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण तिच्यातला मजकूर उचलला की हाती रोमन अक्षरांची भेळ येते. साधन त्या भेळेवरून अर्थाचा अंदाज बांधते, आणि त्याचा अंदाज वाचायला अगदी अस्खलित असतो. म्हणून पहिली पायरी नेहमी ही: फाइलमधला मजकूर निवडून साध्या टेक्स्ट खिडकीत चिकटवून पाहावा. देवनागरी दिसली नाही तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मगच पुढचे काम. मंडळाने जुन्या फॉन्टमधले सारांश स्वीकारणेच बंद केले तर अर्धा प्रश्न सुटेल, शिवाय संकेतस्थळावर ते शोधताही येतील.

मराठी थराविषयी थोडे जास्त बोलायला हवे, कारण सुनावणी त्याच थरावर होते.

'सांडपाणी' हा शब्द कारखान्यातून निघणाऱ्या रासायनिक पाण्यालाही लागतो आणि कामगारांच्या वसाहतीतल्या मैलापाण्यालाही. इंग्रजीत दोन शब्द, दोन प्रक्रिया केंद्रे, दोन वेगळ्या मर्यादा. मराठी सारांशात दोन्हींचे एकच सांडपाणी. "प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेला" असे वाक्य आले की कोणते ते विचारायलाच हवे. अनुवाद करणाऱ्या साधनाला आधीच शब्दसूची दिली, 'औद्योगिक सांडपाणी' आणि 'घरगुती मैलापाणी', तर हा गोंधळ बहुधा होत नाही. धुराड्याला (इंग्रजी 'स्टॅक') 'रास' किंवा 'ढीग' आणि कारखान्याला ('प्लांट') 'वनस्पती' म्हणणारे अनुवाद निदान हसून सोडता येतात. खरा घात जमिनीच्या शब्दांत आहे.

विदर्भात 'झुडपी जंगल' ही महसुली नोंद आहे. या जमिनींना वन मानावे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. अहवालाच्या जमीनवापर तक्त्यात उपग्रहचित्रावरून तीच जमीन इंग्रजीत 'स्क्रब लँड' म्हणून येते. तिचे मराठी होते 'झुडुपांची पडीक जमीन'. दोन थर चढताना जमिनीचा कायदेशीर दर्जाच उतरला. तसेच कोकणातल्या सड्याचे, म्हणजे कातळाच्या पठाराचे. कातळाचा सडा तक्त्यात ओसाड खडकाळ जमीन म्हणून येतो आणि सारांशात 'नापीक'. पावसाळ्यात तिथे गवत असते, गुरे चरतात, रानफुले येतात, आणि काही सड्यांवर ती कातळशिल्पे आहेत जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीतले मामा (माजी मालगुजारी) तलाव 'लहान जलसाठे' होतात. माजी मालगुजारी तलाव म्हटले की सिंचन, मासेमारी, निस्तार हक्क (गावाचे वहिवाटीचे वापराचे हक्क) सगळे डोळ्यांपुढे येते. लहान जलसाठा म्हटले की डबके येते.

म्हणून आमची सूचना अशी, की जमीन, पाणी आणि हक्क यांबाबतचे शब्द मराठी सारांशात इंग्रजीवरून येऊ नयेत. सातबारा, गाव नमुना, वनहक्क दावे यांत जो मराठी शब्द आहे तोच घ्यावा. झुडपी जंगल, गायरान, देवराई, मामा तलाव, सडा, व्हाळ, निस्तार, वहिवाट असे शंभरेक शब्द मंडळाने जिल्हावार यादी करून 'न बदलण्याचे शब्द' म्हणून जाहीर केले, तर साधनाला ती यादी पाळायला सांगता येते. यादी नसेल तर ते प्रमाण मराठीतला सर्वांत गुळगुळीत शब्द निवडते.

आकड्यांसाठी वेगळी शिस्त. अहवालात पुन्हा पुन्हा येणारे आकडे पन्नास-साठच असतात: उत्पादन क्षमता, एकूण क्षेत्र, ताजे पाणी, पुनर्वापर, दोन्ही प्रकारचे सांडपाणी, प्रक्रिया केंद्रांची क्षमता, वीज, इंधन, राख, घातक कचरा, धुराड्यांची संख्या आणि उंची, हरितपट्टा, रोजचे ट्रक, कायम व कंत्राटी रोजगार, पर्यावरण व्यवस्थापनाचा भांडवली आणि दरवर्षीचा खर्च. यांचे एक पत्रक करावे. प्रत्येक ओळीत नाव, आकडा, एकक, कोणत्या कागदावरून आला आणि शेवटचा बदल कुणी, केव्हा केला. सहाही थरांतला मजकूर लिहिताना एआयने आकडा टाइप करायचाच नाही. त्या जागी पत्रकातल्या ओळीचे नाव ठेवायचे आणि छपाईच्या वेळी आकडा पत्रकातून भरला जावा. साधे मेल-मर्ज आहे, लग्नाच्या पत्रिका करणारेही ते वापरतात. वरच्या उदाहरणात ताजे पाणी २४० करायचे तर ते पत्रकातच करावे लागले असते, आणि शेजारच्याच ओळीत १८० चे केंद्र डोळ्यांना टोचले असते.

सारांशातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी मूळ परिच्छेदाचा किंवा तक्त्याचा क्रमांक चौकटी कंसात द्यावा. दहा पानांत फार तर अडीचशे वाक्ये बसतात, क्रमांकांनी पाऊण पान जास्त जाईल. ज्या वाक्याला क्रमांक देता येत नाही ते साधनाच्या पदरचे आहे असे समजून काढून टाकावे. "प्रकल्पामुळे परिसराचा सर्वांगीण विकास होईल" हे वाक्य या चाळणीत नेहमी अडकते.

दुसरी चाळणी प्रश्नांची. ज्याने पूर्ण अहवाल पाहिलेला नाही अशा माणसाला फक्त मराठी सारांश देऊन वीस प्रश्न विचारावेत. पाणी कुठल्या धरणाचे, नदीचे की बोअरचे? उन्हाळ्यात किती? सांडपाणी शेवटी कुठे जाते? राख कुठे टाकणार आणि ती जागा भरल्यावर काय? ट्रक कोणत्या रस्त्याने, दिवसाला किती, शाळेसमोरून जातात का? सर्वांत जवळचे घर किती मीटरवर? उत्तरे पूर्ण अहवालाशी ताडावीत. 'सारांशात नाही' असे उत्तर आले तर ते चुकीच्या उत्तराइतकेच महत्त्वाचे. कारण अधिसूचनेतले सारांशाचा ढाचा सांगणारे परिशिष्ट ३-अ सारांशात सातच प्रकरणे सक्तीची करते आणि पर्यायांचे विश्लेषण, म्हणजे 'हीच जागा का?' या प्रश्नाचे प्रकरण, त्यात नाही. साधनाला परिशिष्ट ३-अ दिले की ते आज्ञाधारकपणे पाचवे प्रकरण वगळते. दहा पानांत ते घेऊ नये असे मात्र नियम कुठेही म्हणत नाही.

आवृत्तीबद्दल थोडक्यात: प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि दिनांक असावा आणि सगळ्या थरांवर तो एकच असावा. नोटिशीचे किमान तीस दिवस चालू असताना अहवालात एक तक्ता बदलला तरी ग्रामपंचायतीतला मराठी सारांश शिळा होतो. एआयने पाच मिनिटांत नवा काढता येतो म्हणून तो गुपचूप बदलणे हा उपाय होऊ शकत नाही. बदल सुनावणीत वाचून दाखवावा.

कोणत्या थरावर कोणते साधन वापरले, कशासाठी आणि कोणत्या तज्ज्ञाने तपासले हे लिहायला नवा नियम लागणार नाही. बाराव्या प्रकरणात सल्लागारांची माहिती द्यायचीच असते, तिथेच एक तक्ता वाढेल. दिशाभूल करणारी माहिती दिल्यास अर्ज फेटाळण्याची आणि दिलेली मंजुरी रद्द करण्याची तरतूद अधिसूचनेच्या आठव्या परिच्छेदात आहे. "ते साधनाने लिहिले" हा त्यावरचा बचाव होऊ नये, इतके मंडळाने आताच सांगून ठेवावे.

राहिले सुनावणीचे इतिवृत्त. हा थर पूर्णपणे आपल्या ताब्यात आहे आणि एआयचा मोह इथेच सर्वांत जास्त आहे. अधिसूचनेप्रमाणे व्यक्त झालेली सर्व मते आणि हरकती अचूक नोंदवणारा सारांश मंडळाच्या प्रतिनिधीने करायचा, कार्यवाहीच्या शेवटी लोकांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा, आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही घ्यायची. साठ माणसे बोललेली, बाहेर अंधार पडलेला, मंडपवाला खुर्च्या उचलायला आलेला. रेकॉर्डिंग साधनाला दिले की दहा मिनिटांत नीटनेटके पान तयार होते. त्यात चाळीस जणांचा विरोध "पाण्याबाबत चिंता व्यक्त करण्यात आली" असा एका ओळीत मावतो. 'विरोध' ची 'चिंता' होते, 'चिंते'ची 'सूचना' होते. आणि अमुक गटातला झरा आटेल असे म्हणणारा एकटाच माणूस पूर्ण गळतो, कारण साधन पुन्हा पुन्हा आलेल्या मुद्द्यांकडे झुकते आणि त्याचा मुद्दा एकदाच आलेला असतो. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलण्याचे लिप्यंतर मुळातच कच्चे होते. गोंडी किंवा कातकरी बोलणाऱ्याचे तर नावच घेऊ नका.

इथे क्रम पाळला की साधन कामाला येते. आधी तक्ता: वक्त्याचा क्रमांक, गाव, मुद्दा त्याच्याच शब्दांत एका वाक्यात, जागा किंवा गट क्रमांक, मागणी, प्रकल्पधारकाचे उत्तर. एका वक्त्याचे तीन मुद्दे असतील तर तीन ओळी. हा तक्ता बोलणे चालू असतानाच मंडळाच्या माणसाने भरावा, साधनाच्या लिप्यंतराची मदत घेऊन. त्यानंतरच साधनाने मुद्द्यांचे गट करावेत आणि प्रत्येक गटासमोर ओळींचे क्रमांक लिहावेत. एकूण ओळी आणि गटांत आलेल्या ओळी जुळल्या पाहिजेत. एक जरी कमी पडली तरी पान छापायचे नाही. विरोध, अट घालून पाठिंबा, पाठिंबा आणि फक्त प्रश्न यांची मोजणी वेगळी द्यावी.

आणि आता ती तिसरी जात, कबूल केलेली वाक्ये. सुनावणीत प्रकल्पधारक म्हणतो, "शाळेसमोरचा रस्ता टाळू, बाह्यवळणाने ट्रक नेऊ." अधिसूचनेच्या सातव्या परिच्छेदाप्रमाणे सुनावणीनंतर त्याने महत्त्वाच्या हरकतींचा विचार करून मसुदा अहवालात आणि व्यवस्थापन आराखड्यात योग्य ते बदल करायचे असतात. इथे वरच्या थरातले एक वाक्य खाली उतरलेच पाहिजे, आणि हे उतरवणे आजवर बहुधा अर्धवट राहत आले आहे. इतिवृत्तात आश्वासन असते, दहाव्या प्रकरणातला खर्चाचा तक्ता जुनाच असतो. वरून खाली जाणारे एआय संपादन इथे वापरावे. इतिवृत्ताच्या तक्त्यातले प्रत्येक आश्वासन घेऊन साधनाने दाखवावे, की दुसऱ्या प्रकरणातला वाहतुकीचा नकाशा, चौथ्यातले आवाजाचे आणि धुळीचे अंदाज, सहाव्यातली देखरेखीची ठिकाणे आणि दहाव्यातला खर्च, यांपैकी काय काय बदलावे लागेल. चौथ्या प्रकरणातले आकडे ते स्वतः बदलणार नाही, प्रारूप पुन्हा चालवायची सूचना देईल. दहाव्यात नवी ओळ घालील: बाह्यवळण, लांबी, खर्च, मुदत, जबाबदार पद. आकड्याची जागा रिकामी ठेवून. ती जागा प्रकल्पधारकाने भरायची, आणि भरेपर्यंत अंतिम अहवाल समितीपुढे जाऊ नये.

हा आश्वासनांचा तक्ता आणि वर सांगितलेले आकड्यांचे पत्रक, या दोन गोष्टी पुढच्या एखाद्या सुनावणीपुरत्या एका प्रादेशिक कार्यालयात वापरून पाहाव्यात. दोन्हींचे कोरे नमुने तयार करून द्यायला आणि पहिल्या खेपेला शेजारी बसून भरायला आम्ही येऊ.

कळावे,

आपले,
ईआयए अहवालांचे संपादन, मराठी अनुवाद आणि तपासणी करणारे